चौतिसावं नाव

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आज मला एका यादीबद्दल बोलायचं आहे. ८ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेने रग्बी विश्वचषकासाठी ती जाहीर केली. ३३ नावं. २८ ऑक्टोबरच्या रात्री पॅरिसच्या वेशीवरच्या स्ताद द फ्रान्सवर या संघाने न्यूझीलंडला १२-११ असं हरवून विश्वचषक घेतला. ते बाराही गुण एकाच माणसाच्या पायातून आले. त्याचं नाव हान्द्रे पोलार्ड. आणि पोलार्ड त्या ३३ जणांत नव्हता.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. "म्हणजे निवडणाऱ्यांचं चुकलंच होतं, नशिबाने वाचले." मला तसं वाटत नाही. का वाटत नाही, हे सांगायला थोडं आडवळणाने जावं लागेल. कारण यादी कशी बनते हे कळल्याशिवाय ती चुकली की बरोबर आली हे ठरवता येत नाही.

इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांनी रग्बी पाहिली असेल ती फॅशन स्ट्रीटवर खरेदीला गेल्यावर. तिथे बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पावसाळ्यात चिखलाने माखलेली मंडळी एकमेकांवर आदळताना दिसतात. त्या चिखलातही एक काटेकोर व्यवस्था असते. एका संघात १५ खेळाडू. त्यातले आठ फॉरवर्ड, म्हणजे दांडगे, रेटारेटी करणारे. सात बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारे. जर्सीचा आकडा पाहिला की खेळाडूचं काम कळतं. १ आणि ३ म्हणजे प्रॉप, २ म्हणजे हुकर. या तिघांची पुढची फळी. ९ स्क्रमहाफ, १० फ्लायहाफ. दहा नंबर हा संघाचा मेंदू, आणि बहुतेक वेळा गोलखांबांमधून चेंडू मारण्याची जबाबदारीही त्याचीच.

आता या पंधरांत अदलाबदल किती चालते? क्रिकेटमध्ये सलामीचा फलंदाज पाचव्या क्रमांकावर गेला तर कुरकुर होते, पण कुणाची मान मोडत नाही. इथे ती शब्दशः मोडू शकते. स्क्रममध्ये दोन्ही बाजूंचे सोळा जण एकमेकांत खांदे अडकवून रेटतात आणि त्या सगळ्याचा भार पुढच्या तिघांच्या मानेवर, पाठीवर येतो. म्हणून नियमच असा आहे की पुढच्या फळीत त्या कामाचं शिक्षण घेतलेलाच खेळाडू उभा राहील. तसा माणूस उरला नाही, तर पंच स्क्रम लुटूपुटूचा करतात, कुणी रेटायचं नाही. दक्षिण आफ्रिकेसारख्या संघाचा स्क्रम लुटूपुटूचा करणं म्हणजे पैलवानाला हात मागे बांधून आखाड्यात सोडणं.

म्हणजे ३३ नावांतली बरीच जागा हिशेबानेच भरून जाते. प्रॉप किमान पाच लागतात, हुकर लागतात, मग लॉक आणि फ्लँकर हे इतर फॉरवर्ड, शिवाय स्क्रमहाफ. स्पर्धा सात आठवड्यांची, अंतिम फेरी गाठली तर सात सामने. नर्मदा परिक्रमेला निघालेल्या माणसाची पिशवी आठवा. सगळ्यात आवडते कपडे कोण भरतं? जे नसलं तर आडरानात अडकून पडू, ते आधी आत जातं. पहिली पंचवीस नावं कुठल्याही जाणकाराला साधारण ठाऊक असतात. प्रशिक्षकाची झोप उडवतात ती शेवटची पाच-सहा. आणि तिथे 'हा त्याच्यापेक्षा चांगला आहे का' हा प्रश्न मागे पडतो. प्रश्न असतो, 'कोण जायबंदी होईल, आणि त्या दिवशी हा माणूस किती खुर्च्यांवर बसू शकेल?'

दक्षिण आफ्रिकेचा मुख्य प्रशिक्षक होता जाक निनाबर, आणि त्याच्यावर रग्बी संचालक म्हणून रासी इरास्मस. निनाबर मूळचा फिजिओथेरपिस्ट. माणसाचा गुडघा, पोटरी, खांदा यांच्याकडे तो आधी त्या नजरेने बघायला शिकला आणि मग प्रशिक्षक झाला. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो, कारण ती यादी वाचली की ती कुणा शरीर जाणणाऱ्याने केली आहे हे दिसतं.

त्या यादीत १९ फॉरवर्ड आणि १४ बॅक होते. बॅकमध्ये स्क्रमहाफ चक्क चार. सहसा कुणी चार नेत नाही, तीन रगड होतात. खरे फ्लायहाफ किती? एक. मानी लिबॉक. खेळ देखणा, पण खांबांमधून चेंडू मारताना भरवसा कमी. गरज पडली तर डेमियन विलेम्सा दहा नंबरवर उभा राहील असा हिशेब. हुकर दोनच, माल्कम मार्क्स आणि बोंगी म्बोनाम्बी. तिसरा लागला तर डिऑन फुरी. हा गडी मुळात हुकर, पुढे फ्लँकर झालेला. २०२२ मध्ये ३५ व्या वर्षी त्याने देशासाठी पहिला सामना खेळला. इतक्या वयात पदार्पण करणारा स्प्रिंगबॉक, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या संघाचा खेळाडू, त्याच्याआधी कुणी नव्हता.

पोलार्ड का नाही? पोटरी दुखावली होती. २०१९ च्या अंतिम सामन्यात इंग्लंडविरुद्ध याच माणसाने २२ गुण केले होते, पण यादी ठरली तेव्हा तो खेळू शकत नव्हता, आणि कधी खेळेल हे खात्रीने सांगता येत नव्हतं. लुखान्यो आम, २०१९ चा आणखी एक नायक, त्याचा गुडघा. तोही बाहेर.

आता गंमत बघा. कर्णधार सिया कोलिसी. एप्रिलमध्ये त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला, शस्त्रक्रिया झाली. ८ ऑगस्टला यादी वाचली गेली तेव्हा एप्रिलनंतर तो एकही सामना खेळला नव्हता. तरी त्याचं नाव आत. लोक म्हणाले, हा कुठला न्याय? एक जखमी आत, दुसरा जखमी बाहेर! मला त्यात विसंगती दिसत नाही. कोलिसीच्या गुडघ्याचं पंचांग तयार होतं, तारीख दिसत होती. १९ ऑगस्टला कार्डिफमध्ये वेल्सविरुद्ध तो उतरलाही. शिवाय त्याच्या जागी खेळू शकणारे फ्लँकर संघात भरपूर होते, म्हणजे तो आठवडाभर उशिरा आला असता तरी गाडी अडली नसती. एकट्या उरलेल्या दहा नंबरच्या जागेवर अर्धा बरा झालेला माणूस ठेवणं ही वेगळी जोखीम. आणि कोलिसी ड्रेसिंग रूममध्ये नसणं ही तर त्याहून मोठी. त्याच्याकडे परत येतो.

पुढे काय झालं ते पाहू. १० सप्टेंबरला स्कॉटलंडला १८-३ असं हरवलं. त्यानंतरच्या आठवड्यात सरावात माल्कम मार्क्सचा गुडघा गेला. जगातल्या सर्वोत्तम हुकरांपैकी एक. स्पर्धा संपली त्याची. आता नियम असा, की जखमी खेळाडू यादीतून काढला की तो परत येत नाही, पण त्याच्या बदली तुम्ही कुणालाही बोलावू शकता. हुकरच्या जागी हुकरच हवा, असं कुठे लिहिलेलं नाही. सगळं जग तिसऱ्या हुकरची वाट बघत होतं. १७ सप्टेंबरला निनाबर-इरास्मस जोडीने बोलावलं ते पोलार्डला.

त्या संध्याकाळी मी टीव्हीसमोर मोठ्याने "वेडे आहेत" असं म्हटल्याचं घरचे अजून सांगतात. दोन हुकरांपैकी एक गेला, आणि तुम्ही फ्लायहाफ आणता? पण सहा दिवसांनी आयर्लंडविरुद्ध ८-१३ असा पराभव झाला, त्यात खांबांमधून मारायच्या चार संधी हुकल्या, ११ गुण वाया गेले. लिबॉकचे आणि स्क्रमहाफ फाफ डी क्लर्कचे. मग मला उमगलं की त्यांना दोन भोकांपैकी कुठलं आधी बुजवायचं हे माझ्याआधी कळलं होतं.

उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सविरुद्ध २९-२८. पोलार्ड उत्तरार्धात आला, लांबून एक पेनल्टी, म्हणजे समोरच्याच्या चुकीवर मिळणारी तीन गुणांची लाथ, मारली. उपांत्य फेरीत इंग्लंड पुढे, पाऊस, लिबॉक चाचपडतोय. ३१ व्या मिनिटाला त्याला बाहेर काढून पोलार्डला आत आणलं. पूर्वार्धातच! तरुण खेळाडूसाठी याहून कडू घोट नाही, आणि लिबॉकने तो ज्या शांतपणे गिळला त्याबद्दल मला त्याचं कौतुक वाटतं. सामना संपायला जेमतेम तीन मिनिटं असताना मैदानाच्या मध्याजवळून पोलार्डने चेंडू खांबांमधून पाठवला. १६-१५. पुन्हा एका गुणाने.

इथपर्यंत ही गोष्ट परीकथेसारखी आहे. पण विमा कुठेतरी काढला की दुसरीकडे काढायला पैसे उरत नाहीत. अंतिम सामना. राखीव आठ जणांत त्यांनी सात फॉरवर्ड आणि एकच बॅक ठेवलेला. तिसऱ्या मिनिटाला बोंगी म्बोनाम्बीच्या पायावर न्यूझीलंडचा खेळाडू पडला, बोंगी लंगडत बाहेर. संघातला शेवटचा खरा हुकर गेला. मैदानात आला फुरी, वय ३७, आणि उरलेली ७७ मिनिटं त्याला काढायची होती. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की दोन्ही संघ रांगा लावतात आणि तो मध्ये फेकला जातो, त्याला लाइनआउट म्हणतात; ते फेकायचं काम हुकरचं, आणि त्या रात्री दक्षिण आफ्रिकेचा लाइनआउट सारखा डळमळत होता. दुसऱ्या अर्धात त्यांना एकही गुण करता आला नाही. न्यूझीलंडचा कर्णधार लाल कार्ड घेऊन बाहेर गेलेला, तरी चौदा जणांनी एक ट्राय केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवून पाच गुण घेतले. त्यानंतर जादा दोन गुणांसाठी मिळणारी लाथ हुकली. शेवटाकडे लांबून मारलेली आणखी एक पेनल्टी बाजूने गेली. ती आत गेली असती तर आज मी इथे, 'तिसरा हुकर न नेण्याचा मूर्खपणा' या विषयावर बोलत असतो.

म्हणून मी म्हणतो की ती यादी चूकही नव्हती आणि बरोबरही नव्हती. ती पैज होती.

याच्या उलट उदाहरण न्यूझीलंडचं, २०११ सालचं, त्यांच्या स्वतःच्या घरी. तेव्हा यादी ३० जणांची असे. (२०१५ पासून ३१ झाली, २०२३ ला ३३.) दहा नंबरवर डॅन कार्टर, जगात तोड नाही असा खेळाडू, आणि त्याला पर्याय कॉलिन स्लेड. १ ऑक्टोबरला, कॅनडाविरुद्धच्या सामन्याच्या आदल्या दिवशी, कार्टर लाथांचा सराव करत होता. हजारो वेळा मारलेली तशीच एक लाथ, आणि जांघेतला स्नायू फाटला. त्याच्या बदली ॲरन क्रुडन आला. आठवड्याभरात उपांत्यपूर्व सामन्यात स्लेड जखमी. मग प्रशिक्षक ग्रॅहम हेन्री चौथ्या माणसाला फोन लावू लागले, आणि तो उचलेना. स्टीफन डोनाल्ड वायकाटो नदीवर जाळं लावून बोटभर मासे पकडत बसला होता. त्याचा मित्र आणि संघातला खेळाडू मिल्स मुलिआइना याने निरोप पोचवला, 'अरे, फोन उचल!'

डोनाल्डची त्याआधीची ओळख काय, तर २०१० मध्ये हाँगकाँगला ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटच्या क्षणी हरलेल्या सामन्याचं खापर ज्याच्यावर फुटलं तो. देशभर शिव्या खाल्लेला माणूस. अंतिम सामन्यात ३४ व्या मिनिटाला क्रुडनचा गुडघा गेला. डोनाल्ड आत आला तेव्हा अंगातली जर्सी त्याला तोकडी पडत होती, पोट दिसत होतं. दुसरा अर्ध सुरू झाल्यावर थोड्याच वेळात त्याने एक पेनल्टी मारली. न्यूझीलंड ८, फ्रान्स ७. न्यूझीलंडचाच पिरी वीपू याच सामन्यात तीन लाथा चुकला होता, म्हणजे त्या तीन गुणांचं मोल काय ते समजा.

न्यूझीलंडने पैज सावधपणे लावली होती, दक्षिण आफ्रिकेने बेधडक. दोघांनाही शेवटी यादीबाहेरचाच माणूस लागला. प्रशिक्षक यादी जाहीर करताना खरं तर दोन याद्या करतो. एक वाचून दाखवायची, दुसरी मनात ठेवायची. चौतिसावं, पस्तिसावं नाव घरी बसून फोनची वाट बघतं. किंवा वाट न बघता मासे पकडतं.

आता जे हरले त्यांच्याकडे. २०१५, इंग्लंड, यजमान. प्रशिक्षक स्टुअर्ट लँकेस्टर. त्यांनी सॅम बर्जेसला घेतलं. हा रग्बी लीगचा मोठा तारा. लीग म्हणजे तेरा जणांचा भाऊबंदातलाच, पण वेगळा खेळ. बर्जेस पंधरांच्या रग्बीत येऊन वर्षही झालं नव्हतं. त्याच्यासाठी ल्यूथर बरेल हा मुरलेला सेंटर घरी बसला. दुसरीकडे स्टेफन आर्मिटेज, २०१४ चा युरोपातला सर्वोत्तम खेळाडू, पण तो खेळायचा फ्रान्समध्ये तूलॉंसाठी. देशाबाहेर खेळणाऱ्याला अपवादात्मक परिस्थितीशिवाय घ्यायचं नाही, असं इंग्लिश रग्बी महासंघाचं धोरण. ते वाकलं नाही. त्यामागे अर्थ आहे, नाहीतर फ्रान्समधल्या क्लबांच्या पैशाने इंग्लंडची लीग रिकामी झाली असती. पण ऑस्ट्रेलियाच्या पोकॉक आणि हूपर या दोन फ्लँकरांनी इंग्लंडचे चेंडू जमिनीवरून हिसकावून ३३-१३ असं धुतलं, तेव्हा आर्मिटेज नेमका त्याच कामातला कारागीर होता हे सगळ्यांना आठवलं. गटातच बाहेर पडणारा पहिला एकटा यजमान ठरला इंग्लंड.

त्याआधीचा वेल्सविरुद्धचा सामना मला जास्त शिकवून गेला. वेल्सची माणसं पटापट पडत होती. त्यांचा लॉइड विल्यम्स हा स्क्रमहाफ नाइलाजाने विंगवर खेळत होता, म्हणजे आपल्या खुर्चीवर नव्हताच. त्याने धावता धावता चेंडू आत लाथाडला आणि गॅरेथ डेव्हिसने, दुसऱ्या स्क्रमहाफने, झेपावून ट्राय केला. वेल्स २८-२५. दोन खुर्च्यांवर बसणारा माणूस, म्हणतात तो हा.

इथे एक प्रश्न येतो तो टाळता येणार नाही, कारण दक्षिण आफ्रिकेबद्दल बोलताना तो टाळणं म्हणजे खोटं बोलणं. गुणवत्ता आणि कृष्णवर्णीयांसाठीचा कोटा. १९२८ मध्ये न्यूझीलंडचा संघ दक्षिण आफ्रिकेला गेला तेव्हा जॉर्ज नेपिआ हा जगातला सर्वोत्तम फुलबॅक घरी राहिला, कारण तो माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांपैकी होता, आणि दक्षिण आफ्रिकेला गोरेच खेळाडू चालत. १९७० मध्ये माओरी खेळाडू गेले ते 'मानद गोरे' या दर्जाने! शब्द ऐका फक्त. दक्षिण आफ्रिकेला स्वतःचा पहिला कृष्णवर्णीय स्प्रिंगबॉक, एरॉल टोबायस, मिळायला १९८१ उजाडलं. आपल्यालाही यातलं काही नवं नाही. पालवणकर बाळूंसारखा दलित गोलंदाज क्रिकेटमधल्या हिंदूंच्या संघात सर्वश्रेष्ठ, पण कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळालं, तेही भांडून.

तेव्हा 'निवड फक्त गुणवत्तेवर व्हायची आणि आता त्यात राजकारण आलं' असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कधी व्हायची? १९९५ साली दक्षिण आफ्रिकेच्या विश्वचषक संघात एकच कृष्णवर्णीय खेळाडू होता, चेस्टर विल्यम्स. देशभर भिंतीभिंतींवर त्याचा चेहरा. आणि स्पर्धेच्या तोंडावर मांडीचा स्नायू दुखावून तो बाहेर पडला. चेहरा भिंतीवर, माणूस घरी. मग कॅनडाविरुद्ध पोर्ट एलिझाबेथला मैदानात हाणामारी झाली, पीटर हेन्ड्रिक्सवर बंदी आली आणि त्याच्या जागी चेस्टर परतला. उपांत्यपूर्व सामन्यात पश्चिम सामोआविरुद्ध त्याने चार ट्राय केले. तो शोभेचा होता म्हणणाऱ्यांनी ते चार मोजावेत.

कृष्णवर्णीय कोलिसी २०१८ मध्ये कर्णधार झाला, तेव्हाही कुजबुज झालीच होती. तो आत असणं आणि अर्धा बरा पोलार्ड बाहेर असणं, यात राजकारण शोधणारे २०२३ मध्येही होते. मी मघाशी दिलेलं कारण मला पुरेसं वाटतं. पण समजा ते पुरेसं नसतं, तरी ज्याच्या नुसत्या असण्याने तीस माणसं एका दिशेला चालतात, त्याची तीही गुणवत्ताच आहे. ती धावांसारखी मोजता येत नाही, एवढंच.

आणखी एक नाव घेतो, जाँ क्लेन. जन्म दक्षिण आफ्रिकेतला. आयर्लंडमध्ये तीन वर्षं राहून तो आयरिश झाला आणि २०१९ मध्ये त्यांच्या विश्वचषक संघात गेला, डेव्हिन टोनर या जुन्याजाणत्या लॉकला मागे सारून. तिकडे बरीच आरडाओरड झाली. पुढे नियम बदलला. राहण्याची अट तीनची पाच वर्षं झाली. शिवाय तीन वर्षं देशासाठी न खेळलेल्याला जन्मभूमीकडून खेळायची एकदा मुभा मिळाली. टोंगा, सामोआ यांना याचा मोठा फायदा झाला. आणि क्लेन २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या राखीव फळीत बसून विश्वविजेता झाला. कुठलं राष्ट्र आणि कुठली राष्ट्रीयता, यावर एक वेगळं व्याख्यान होईल.

मागून एक चिठ्ठी आली आहे. "तुम्ही असता तर त्या ३३ मधून कुणाला वगळलं असतं?" प्रश्न रास्त आहे. दुसऱ्याची यादी फाडायची तर स्वतःची दाखवावी. ऑगस्ट २०२३ मध्ये मी ती वहीत लिहिली होती, वही अजून आहे. चार स्क्रमहाफ ही उधळपट्टी असं माझं ठाम मत होतं. मी चौथ्याच्या नावावर काट मारून तिसरा हुकर लिहिला होता. ज्याच्या नावावर काट मारली तो कोबस राइनाख. त्याने रोमेनियाविरुद्ध तीन ट्राय केले, आणि मग फ्रान्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व व इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य, अशा दोन्ही सामन्यांत पहिल्या मिनिटापासून नऊ नंबर घालून तोच मैदानात होता.